शरणम्माच्या बांधावरचा भुंगेरा

"आत्या, फळीवरचा पेढ्याचा डबा कुठंय?"

"धुवून पालथा घातलाय मागं. उद्या घट बसायचेत न," समई घासता घासता सासूबाई, शरणम्मा म्हणाल्या.

उमादेवीनं घाईनं विचारलं, "आणि त्याच्या आतलं?"

"टाकलं उकिरड्यावर. मेलेले किडे टाचणीला टोचून घरात ठिवायचे, आन् तिथंच देवी बसवायची व्हय? शिकलेली मानसं तुमी, कायबी करता."

उमा मागं धावली. उकिरड्यावर कोंबड्या होत्या, त्यांनी काम चोख केलं होतं. एक टाचणी तेवढी हाती लागली.

उमा नळदुर्गच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची. कॉलेजातलं कपाट वाळवीनं खाल्लेलं, म्हणून डबा घरी ठेवला होता. त्यात जोंधळ्याच्या दाण्याएवढे भुंगेरे होते, घरच्याच शेताच्या बांधावर शेणाखाली सापडलेले. जगात कुणीच न नोंदवलेली जात. माद्या बऱ्याच होत्या. डोक्यावर शिंग असलेला नर मात्र एकच, आणि जात ओळखायची ती त्या शिंगावरूनच. त्याचं वर्णन लिहिण्यात तिचे किती पावसाळे गेले. लेख स्वीकारला गेला होता, फक्त तो नर संग्रहालयात जमा करायचा राहिला होता. तो नसेल तर लेख छापणार नव्हते. फोटोवर भागत नाही.

"दुसरा धर की," तिचा नवरा विरेश म्हणाला. "रानात किड्यांचा काय दुष्काळ हाय?" असल्या माणसाशी काय बोलायचं!

सगळा राग सासूवर निघाला. "तुमचं नाव देणार होते त्याला! जगभर तेच राहिलं असतं!"

"माजं?" शरणम्मांना खरंच कळेना. "किड्याला?"

"सातबाऱ्यावर तरी कुठंय तुमचं नाव? इथं तरी राहिलं असतं."

लागावं म्हणूनच बोलली होती, आणि लागलं. शरणम्मांनी समई खाली ठेवली.

पाचव्या माळेला त्या उपाशीपोटी रानात गेल्या. उन्हं कलल्यावर परतल्या तेव्हा नखांत शेण-माती भरली होती. उमापुढं त्यांनी पदराची गाठ सोडली.

"बग. शिंगाचाच हाय न? लई धुंडला. तुज्या डब्यात मेलेलंच असतंय, म्हणून अंगठ्यानं दाबला."

नरच होता. शिंग तुटलेलं, पाठ चेचलेली, पायांचा लगदा. संग्रहालयानं असला दारातसुद्धा घेतला नसता. उमाला किंचाळावंसं वाटलं. पण नवरात्रात भाजी निवडताना सापडलेली अळीदेखील ही बाई हलकेच उचलून बाहेर सोडायची.

"ह्योच न गं?"

"हाच, आत्या."

तिनं डब्यात कापूस अंथरला आणि तो लगदा त्यावर ठेवला.

शरणम्मांनी मोरीत हात धुतले, पुन्हा धुतले. सांजवेळी त्या देवघरापाशी आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"आज दिवा तू लाव," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं नगं."