टपावरचा उघडा पत्रा

त्या दिवशी आम्ही सलूनवाल्याचा आरसा पोचवला. बाबा पिकअप चालवत होते आणि मी मागे हौद्यात उभी होते. एक हात आरशाच्या कडेवर, दुसरा केबिनच्या टपावर.

आमच्या काचेच्या दुकानाची ती रीतच होती. दोरीने आवळलेली काच खड्ड्यात तडकते, हातात धरलेली गाडीबरोबर डोलते, असं बाबांचं म्हणणं. त्या जुन्या इंजिनाच्या घरघरीत हाका ऐकू जात नसत, म्हणून मी टपावर वाजवायचे. एकदा ठोकलं की निघा. दोनदा म्हणजे सावकाश. उघड्या हाताची थाप म्हणजे थांबा. शाळेत होते तेव्हापासून आम्ही दोघं असे बोलत आलो. घरी फारसं बोलायची गरजच उरत नसे.

आरसा भिंतीवर चढल्यावर सलूनवाला म्हणाला, "मास्तर, लेकीला एकदा पुढे बसवा की. वारा खाऊन वाळली पार."

"ती पुढे बसली तर तुझा आरसा कोण सांभाळणार? तू? तू तर त्यात स्वतःचे केस शोधत बसशील."

टकलावरून हात फिरवत तोच आधी हसला.

परतताना हौदा रिकामा होता. पुढे बसता आलं असतं. मी सवयीने मागे चढले, एकदा ठोकलं, आणि बाबा निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला ते वाकले, ते परत उठले नाहीत.

भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता. एकट्याने एवढा व्याप सांभाळला, पण आयुष्यात एक काच फुटू दिली नाही. दादा डोळे पुसत मान हलवायचा. मी रिकामे कप उचलून आत न्यायचे.

गाडी विकायला माझी ना नव्हती. एक माणूस पुढे आणि एक मागे असल्याशिवाय ती आमच्या कामाची नव्हती. नोकरीसाठी कधीच दूर गेलेला दादा सुट्टी काढून आला होता, त्याने गिऱ्हाईकही आणलं, एक हॉटेलवाले. जुन्या गाड्यांची त्यांना हौस. मात्र गाडी रंगवून चकचकीत हवी होती. इंजिन काढून ती हॉटेलच्या दारात उभी करायची, हौद्यात माती भरून फुलझाडं लावायची आणि वरून दिवे सोडायचे, असा त्यांचा बेत.

"लोक फोटो काढतील," ते म्हणाले.

"चालणार नाही म्हणजे ती," मी म्हटलं.

"चालवायची कशाला? शोभेची वस्तू आहे."

दादाने लगेच पेंटरला बोलावलं. पेंटरने खडू काढला आणि जिथे पोचे होते तिथे गोल करत सुटला. दारावर, मडगार्डवर, हौद्याच्या फळ्यांवर. मग पायरीवर चढून त्याने टप पाहिला.

"इथे तर रंगच नाही. पत्राही बसलाय. कशाने झालं हे?"

डाव्या बाजूला, हौद्यातून हात पोचतो तिथे, तळव्याएवढी जागा उघडी होती. बाकी गाडीचा निळा रंग विटून राखाडी झाला होता. ही जागा मात्र भांड्यासारखी घासून चमकत होती. पेंटरने तिच्याभोवतीही गोल काढला. "पुट्टी भरली की कळणारसुद्धा नाही."

मी वर चढले आणि ओढणीने तो गोल पुसला. मग दारावरचा पुसला, मडगार्डवरचा पुसला.

"ठमे, डोकं फिरलंय का तुझं?" दादा म्हणाला.

"गाडी आहे तशी जाईल."

"असा खटारा कोण घेणार?"

"ज्याला चालवायचीय तो घेईल."

"अगं, बाबांची गाडी आहे, जरा बऱ्या रूपात जाऊ दे म्हणून मी धडपडतोय, आणि तू..."

त्याचंही मन खोटं नव्हतं. पण मी मागे हटले नाही. पेंटरने खडू खिशात टाकला. हॉटेलवाले निघून गेले. दादा माझ्याशी बोलेनासा झाला.

मग रोपवाटिकेच्या बाई आल्या. रंगाविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ब्रेक कसे लागतात ते विचारलं, हौद्याच्या फळ्या हलवून पाहिल्या, आणि म्हणाल्या, "भरून चालवून बघते. रिकामी कुठलीही गाडी गुणाची असते."

त्यांनी आपल्या मातीच्या गोण्या हौद्यात चढवल्या आणि स्वतःच चाक धरलं. दादा शेजारी बसला. मी मागे चढले. माझी ठकठक नीट ऐकू यावी म्हणून केबिनची मागची काच बाबांनी कधीची काढून टाकली होती, त्यामुळे इंजिनाच्या वर चढवलेला दादाचा आवाज तुटक तुटक माझ्यापर्यंत येत होता. मोठ्या अभिमानाने सांगत होता, बाबांनी एकट्याने कसं केलं सगळं.

वळण आलं. माझा हात आपोआप टपावर गेला. दोनदा ठोकलं.

बाईंनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय हो, ठकठक कसली? गोणी पडली का? तोंडाने सांगा की."

"लक्ष देऊ नका," दादा म्हणाला. "सवय आहे तिची. बाबांना सोबत म्हणून जायची कधीमधी."

रस्ता शांत होता. उघड्या पत्र्यावर माझा तळवा तसाच होता, उन्हाने तापलेल्या, नेमका त्याच्या मापाच्या जागेत.

"सोबत म्हणून नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला, तरी मी तो कमी केला नाही. "दादा, ऐक. बाबा एकटे नव्हते. काच मी धरायचे. मी सांगितलं की ते थांबायचे, मी सांगितलं की निघायचे. जन्मभर मागे मी होते."