पेडलवरचा पाय

गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर सीटवर बसून पेडल दाबतो, दुसरा खाली चाकापाशी आडवा होऊन हवेचा नट उघडतो. खालचा म्हणतो, ‘दाब’. वरचा दाबतो आणि म्हणतो, ‘दाबलं’. खालचा नट सैल करतो, ब्रेक ऑइलबरोबर हवा फसफसत बाहेर येते, तो नट आवळतो आणि म्हणतो, ‘सोड’. मगच वरच्याने पाय उचलायचा. नट उघडा असताना पाय उचलला तर बाहेर काढलेली हवा परत आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. आमच्या गॅरेजात सव्वीस वर्षं दादा वर आणि मी खाली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो जाडा आणि मी बारीक, गाडीखाली मीच मावायचो, एवढंच त्याचं कारण.

वर्षभरापूर्वी हे मोडलं. खडीच्या खाणीचा एक मालक आहे, त्याला सगळे खाणवालाच म्हणतात. त्याच्या जीपचे ब्रेक आम्ही करून दिले. गॅरेजच्या आवारात पेडल ठीक लागलं. दोन दिवसांनी खाणीच्या लांब उतारावर ब्रेक तापले आणि पेडल मऊ पडून तळाला टेकलं. जीप फाटकाच्या खांबावर गेली आणि त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. चौथ्या दिवशी हात गळ्यात बांधून तो गॅरेजात आला आणि त्याने विचारलं, चूक कोणाची? शेवटच्या चाकात हवा राहिली होती हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी आधी बोललो. म्हणालो, मी नट आवळूनच सोड म्हटलं होतं, यानेच पाय आधी उचलला असणार.

दादा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. स्टुलावर बसून गुडघा चोळत राहिला. गप्प बसलेल्या माणसाचं काय समजायचं ते मी समजलो. पुढचे आठ दिवस मी त्याच्या खनपटीलाच बसलो की एकदा तोंडाने कबूल कर. तो कबूल करेना. माझं डोकं मुळातच गरम, समोरच्याने वाद घातला तर मी लवकर थंड होतो, पण गप्प बसणारा माणूस मला सहन होत नाही. नवव्या दिवशी मी माझे पाने पोत्यात भरले, मला तुझ्या पायाची गरज नाही असं म्हणालो आणि घर आणि गॅरेज दोन्ही सोडलं. लग्न केलेलं नसल्यामुळे सामान एका फेरीत निघालं.

आडरानात बंद पडलेल्या गाड्या गॅरेजात येत नाहीत, गॅरेजने त्यांच्याकडे जावं लागतं. हे मी दादाला दहा वर्षं सांगत होतो आणि तो दहा वर्षं बघू म्हणत होता. आता बघायला कोणी उरलं नव्हतं. चारही चाकांना जोर जाणारा एक जुना पिकअप घेतला. त्याचा रंग उडाला होता, पण इंजिन धडधाकट होतं. एका बंद पडलेल्या कचेरीतलं लोखंडी कपाट आडवं करून मागच्या हौद्यात बसवलं, ती झाली पान्यांची पेटी. फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरवर हवेचा पंप केला. गाडीखाली सरकायला शाळेच्या मोडक्या बाकाची फळी घेतली आणि तिला खुर्चीची चाकं लावली. त्या फळीवर कोणीतरी पुस्तकातल्या एका कवीचं चित्र काढून त्याला दाढीमिशा लावून ठेवल्या आहेत, रोज त्याच्यावर पाठ टेकतो. मागच्या दारावर फोन नंबर मीच रंगवला. नऊ आकडे ऐटीत आले आणि दहाव्याला जागा उरली नाही, तो खाली काढला. लोक नऊच आकडे लावून बघतात आणि मग मला कसे भेटतात देव जाणे.

खरं सांगायचं तर पहिले चार महिने लोक भेटलेच नाहीत, भेटला तो खाणवाला. त्याला डाव्या हाताने फोन लावायला वेळ लागत असे. भाऊ असूनही तू खरं बोललास, म्हणाला, माझ्या सातही गाड्या आता तूच बघ. त्या सात गाड्यांवर माझा धंदा उभा राहिला. बाकी कधी डोंगरात विजेच्या खांबांची मोजणी करणारे, कधी सुट्टीच्या दिवशी स्वतःहून गाडी चिखलात घालणारे हौशी लोक. त्यांचं मला कधी कळलं नाही. माझं पोट मात्र त्यांच्या हौसेवर काही अंशी भरतं, म्हणून हसत नाही. निदान समोर.

कामाचं काही वाटलं नाही, सवय आहे. एकटेपणाची नव्हती. सव्वीस वर्षं मी गाडीखालून नुसता हात बाहेर काढत होतो आणि त्यात दादा बरोबर बाराचा पाना ठेवत होता. पहिल्या महिन्यात मी असाच हात बाहेर काढून बराच वेळ वाट पाहिली. मग स्वतःच बाहेर सरकलो, पाना घेतला आणि परत आत गेलो. टॉर्च दातांत धरायला शिकलो. गाडीशी बोलायला लागलो, तेही भांडूनच. टायरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली होती, तिथे दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसायचो आणि दुसरीवर काय ठेवावं हे सुचत नव्हतं, शेवटी बॅटरी ठेवली. दर रविवारी दुपारी वहिनीचा फोन यायचा. जेवलात का भाऊजी, म्हणायची. मी हो म्हणायचो. दादा बाजूला आहे का असं मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

ब्रेकचं काम मी एकट्याने करायला शिकलो होतो. सलाइनची नळी आणि पाण्याची रिकामी बाटली. नळीचं एक टोक नटावर चढवायचं, दुसरं बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं, नट किंचित सैल करायचा आणि वर जाऊन स्वतःच हळूहळू पेडल मारायचं. बुडालेल्या टोकातून हवा आत येत नाही. बघा, म्हटलं, पाय लागतच नाही कोणाचा. हे मी कोणाला म्हटलं ते माझं मलाच ठाऊक.

मागच्या महिन्यात डोंगरावरच्या एका बाईंचा फोन आला. एका कचेरीत बत्तीस वर्षं लघुलेखनाचं काम करून निवृत्त झाल्या, आता मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. त्यांची खटारा जीप पेट्यांपर्यंत चढते पण उतरताना थांबत नाही, अशी तक्रार होती. तक्रारही त्यांनी फोनवर दोनदा तंतोतंत त्याच शब्दांत सांगितली. मी पोचलो, घरामागच्या सपाटीवर गाडी जॅकवर चढवली, नळी आणि बाटली काढली. तासभर पेडल मारलं तरी ते मऊ ते मऊच. हवेच्या नटांचे आटे झिजले होते, नट सैल केला की आट्यांतूनच हवा आत शिरत होती. ही बाटली तिथे कामाची नव्हती. जुन्याच पद्धतीने दाबून, सोडून, नट लगेच आवळत हवा काढावी लागणार होती, म्हणजे वर माणूस हवं होतं.

मी बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, सीट पुढे ओढली आणि नीट बसल्या. मी काय काय म्हणणार आणि त्यावर त्यांनी काय करायचं ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी खाली गेलो. नळी नटावरच ठेवली होती, ऑइल सांडू नये म्हणून. एरवी मी आणि दादा नटाखाली नुसतं फडकं धरायचो, नळीबिळी कोणाला माहीत.

‘दाबा.’

‘दाबलं.’

नट सैल केला. पारदर्शक नळीत वाटाण्याएवढा बुडबुडा आला. छान. मी ‘सोडा’ म्हटलं आणि नट आवळला. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो बुडबुडा उलटा सरकला, नळीतून वर गेला आणि नटात शिरून नाहीसा झाला.

मला वाटलं बाईंचा पाय घसरला. पुन्हा केलं. पुन्हा बुडबुडा बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. तिसऱ्यांदाही तेच. मी बाहेर सरकून जरा रागानेच म्हणालो की बाई, तुम्ही पाय आधी उचलताय.

‘आधी नाही उचलत,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही सोडा म्हणालात की उचलते. बत्तीस वर्षं हेच केलं मी. शब्द पडला की बोट पडलं पाहिजे.’

मी परत खाली गेलो. या वेळी नळीकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. दाबा म्हटलं, नट उघडला, सोडा म्हटलं. तोंडातून शब्द गेला तेव्हा पाना अजून अर्ध्या फेऱ्यात होता. मी आधी बोलत होतो आणि मग आवळत होतो. हाताला जे करायचं आहे ते तोंड आधीच करून टाकत होतं. आजच असं करत होतो असं नाही. हात इतका सराईतपणे फिरत होता की तो आयुष्यभर असाच फिरत आला असणार.

मग सव्वीस वर्षं ब्रेक कसे होत होते?

उत्तर मला फळीवर पडल्या पडल्याच कळलं, पण कळणं आणि मानणं यांत वेळ जातो. मी आधी बाईंचं काम पुरं केलं. नट आवळला, मग बोललो. चारही चाकं. पेडल दगडासारखं घट्ट झालं. मग पिकअपच्या टपावर चढलो, कारण त्या डोंगरात फोन फक्त टपावरूनच लागत होता, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा दादाचा नंबर लावला. त्याने उचलला.

‘दादा, एक विचारायचं होतं. मी सोड म्हटलं की तू लगेच सोडायचास का?’

पलीकडे कोणीतरी हातोडी मारत होतं, ती थांबली. म्हणजे तोच मारत होता.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘तीन मोजायचो.’

‘कधीपासून?’

‘पहिल्यापासून. तू तोंडाने आधी आवळतोस, हाताने मग. जेवायला बसलास की घास तोंडात जायच्या आधी झालं म्हणायचास, तसंच ते.’

‘आणि खाणवाल्याच्या जीपला?’

‘गुडघा फार कळ मारत होता. दोनपर्यंतच थांबलो.’

मी टपावरच बसलो. पत्रा उन्हाने तापला होता. मी विचारलं की हे तेव्हा का नाही सांगितलंस, आठ दिवस मी तुला नको नको ते बोलत होतो.

‘त्याच्यासमोर सांगितलं असतं तर तुला पुन्हा कोणी गाडीला हात लावू दिला असता का?’ तो म्हणाला. ‘माझं काय, माझं गॅरेज आहे. तू कधी ना कधी बाहेर पडणार हे दिसत होतं. ब्रेक न जमणाऱ्या मिस्त्रीला रानात कोण बोलावतं? आणि तुला एकट्याला सांगितलं असतं तर तूच जाऊन त्याला सांगितलं असतंस.’ मग म्हणाला, ‘आता आवळून मग बोलतोस ना?’

मी हो म्हणालो.

‘मग झालं. कोणाला काही सांगत बसू नकोस,’ तो म्हणाला आणि फोन ठेवला. हातोडी परत सुरू झाली असणार.

बाईंनी जाताना मधाची बाटली दिली. ती मी दुसऱ्या खुर्चीवर बॅटरीशेजारी ठेवली आणि चार दिवस तिच्याकडे बघत बसलो. दादा सांगू नकोस म्हणाला होता आणि थोरल्याचं ऐकावं हे मलाही पटत होतं, कधी नव्हे ते. न ऐकण्यात मी सव्वीस वर्षं घालवली, नेमकं आताच ऐकलं असतं तर धंदा राहिला असता. पण रोज सकाळी खाणीच्या फाटकातून आत जावं लागत होतं आणि तो खांब अजून वाकडा होता. प्लास्टर निघालं तरी खाणवाला पेन डाव्या हातानेच धरायचा, आणि मी गेलो की त्याच हाताने माझी पाठ थोपटायचा.

पाचव्या दिवशी मी त्याच्या टेबलासमोर उभा राहून सगळं सांगितलं. बस म्हणाला होता, बसलो नाही. नळी, बुडबुडा, तीन मोजणं, सगळं. त्याला निम्मं समजलं नसेल, पण चूक कोणाची हे समजलं. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

‘तुझ्या भावाला मी भर बाजारात काय काय बोललोय,’ तो म्हणाला, ‘आणि तो ऐकून घेत उभा होता.’ मग त्याने टेबलावर हात पुढे केला. मी सातही गाड्यांच्या जादा किल्ल्या त्यात ठेवल्या. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरचा आठवडा फोन वाजला नाही. मी माझ्याच पिकअपखाली गेलो आणि जे बिघडलं नव्हतं ते दुरुस्त केलं. खोलीत आलो, भात शिजवला, मधाची बाटली उघडली नाही. दहावा आकडा पुसून वर बसवता येईल का ते पाहिलं, बसत नाही.

रविवारी दुपारी वहिनीचा फोन आला. जेवलात का भाऊजी, म्हणाली. मी म्हटलं, वहिनी, दादाला सांग की मी खाणवाल्याला सांगितलं. तिच्या मागून दादाचा आवाज आला, ‘वेडा आहे,’ आणि मला कळलं की प्रत्येक रविवारी तो तिथेच असायचा. मग वहिनी म्हणाली, दुधाकडे बघते हं, आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला.

तिकडून फक्त एक श्वास ऐकू येत होता, जाड्या माणसाचा. फोन मात्र ठेवला नाही कोणी. मला म्हणायचं होतं की दादा, मी चुकलो, पण तोंडाने आधी काही करून टाकायची मला आता भीती वाटते. म्हणून मी मनात तीन मोजले. तिकडे अजून श्वास होता. मी चार म्हटलं, पाच म्हटलं, आणि पुढे मोजत राहिलो.