सात पांढरे, चार निळे

मी एक जुनी पितळी चाळणी आहे. पीठ चाळायची नव्हे हं! मी समुद्राच्या तळाचा गाळ चाळते. एका म्हाताऱ्या कारागिराने माझी बारीक जाळी ताणून बसवली, भिंगातून भोकन् भोक तपासले आणि मला टिचकी मारून म्हटले, "जा, नाव काढ!" लोक वाया गेलेल्या श्रमाला चाळणीने पाणी भरणे म्हणतात. मित्रांनो, त्यांनी मला कामावर पाहिलेले नाही, दुसरे काय!

मी आले ती थेट एका प्रयोगशाळेत. खिडकीखाली लांब मोरी, नळाला रबरी नळी, भिंतीवर समुद्राचा मोठा नकाशा. माझ्यात गाळ ओतायचा आणि वरून पाण्याची बारीक धार सोडायची. चिखल वाहून जातो आणि वर उरतात वाळूच्या कणाएवढे शंख. हे शंख म्हणजे गाळाचा पत्ताच. उथळ पाण्यातला शंख खोल तळाशी सापडला, तर तो तिथे गाळाबरोबर वाहत आला, हे उघड आहे.

मला धुण्याचे काम मामांचे. ते प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मदतनीस. एक गाळ चाळून झाला की ते मला खसाखसा घासत आणि मग निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवत. घासूनही एखादा शंख माझ्या जाळीत अडकून राहिलाच, तर तो निळा होई. पुढच्या गाळात निळा शंख दिसला की समजायचे, हा आधीचा पाहुणा. मामा त्याला "नीळ देणे" म्हणत. "मामा, इस्त्रीपण करा तिला!" असे म्हणून सगळे त्यांना चिडवत. मामा हसत, पण नीळ चुकवत नसत.

आमच्याकडे एक संशोधक मुलगी होती. सगळे तिला ताई म्हणत. किनाऱ्यापासून दूर, जिथे पृथ्वीचा एक थर दुसऱ्याखाली सरकतो, तिथे एक खोल चर आहे. चराच्या अलीकडे समुद्रतळाला लांबट परातीसारखा खोलगट भाग आहे. त्यात साठलेला गाळ आला कुठून? प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणत, समोरच्या नदीतून, सरळ खाली. ताई म्हणे, उत्तरेच्या लांबच्या नदीतून, तळावरच्या घळीने आडवा वाहत. दोन वर्षे ती हाच धोशा लावून बसली होती.

एके दिवशी तिला त्या परातीतल्या गाळात सात शंख सापडले. उत्तरेच्या नदीच्या मुखाशी, उथळ पाण्यातच राहणारे! ताईने चक्क उडी मारली. माझीही छाती फुगली.

पण सर चष्मा पुसत म्हणाले, "अगं, आदल्या दिवशी तू उत्तरेच्या नदीचा गाळ याच चाळणीत चाळलास. तेच शंख जाळीत अडकले असतील."

"सर, मामा दर वेळी नीळ देतात. हे तर पांढरे आहेत."

"त्या दिवशी दिली होती कशावरून? मामा, दिली होती का?"

मामांनी गालाला हात लावला. त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती. "खरं सांगू सर? त्या दिवशी मला माझं नावसुद्धा आठवत नव्हतं. दिली असेन. पण शपथ नाही घेणार."

सर म्हणाले, "जहाज सोमवारी निघतंय. तळाचा गाळ काढायची लोखंडी नळी कुठे रोवायची ते आज ठरवायचं. संशयावर मी जहाज उत्तरेला पाठवू शकत नाही."

मला भारी वाईट वाटले. माझ्यामुळे पोरीची दोन वर्षे मोरीत जाणार! तेवढ्यात ताईचा चेहरा लाल झाला. तिने खण उघडला आणि काचेची एक छोटी बशी सरांपुढे सरकवली.

"सर, रागावू नका. त्याच गाळात हे आणखी चार होते. चाळणी नीट घासली नाही, असं तुम्ही म्हणाल, म्हणून बाजूला काढून ठेवले."

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चार शंख. उत्तरेच्या नदीचेच. आणि चारही निळेशार!

मित्रांनो, माझी मान खाली गेली. चार चोर माझ्याच जाळीत लपले होते. पण सर मोठ्याने हसू लागले. "अगं वेडे, हे आधी का नाही दाखवलंस? उत्तरेचा गाळ चाळल्यावर मामांनी नीळ दिली होती, याचे हे चार साक्षीदार! अडकलेले ते निळे झाले. मग पांढरे सात कुठले?"

"परातीतले!" मामा ओरडले. दाढेवरचा हातही सुटला.

सरांनी नकाशावर उत्तरेच्या घळीत खूण केली. जहाजाने तिथून आणलेला गाळ माझ्यातूनच चाळला. तेच शंख, मूठभर! ताई आणि मामा मोरीपाशी लहान मुलांसारखे टाळ्या पिटत होते.

पुढे माझी जाळी एका कडेला फाटली. आता स्टीलची नवी चाळणी आली आहे. नव्याचे नऊ दिवस, असे मी सुरुवातीला पुटपुटले. पण गुणाची आहे बिचारी. मी मोरीवरच्या खिळ्याला असते. एकदा कोणी माझ्यातून चहा गाळला, तेव्हा मामांनी त्याला असे फैलावर घेतले की विचारू नका! कधी कधी धारेचा आवाज आला की मला जुने दिवस आठवतात.

मित्रांनो, आपली हत्यारे घासूनपुसून ठेवा. तरीही कुठे काही अडकून राहतेच. ते लपवू नका. माझ्याशेजारच्या फळीवर ती काचेची बशी अजून आहे. त्यावर ताईने आपल्या हाताने चिठ्ठी लावली आहे: "आमची चूक. हिनेच आम्हाला वाचवलं."