काटामामांचा उजवा पाय

ट्रकला कम्प्युटर आहे हे काटामामांना पहिल्यापासून ठाऊक होतं, पण त्याच्याशी त्यांचं बोलणं कधी झालं नव्हतं. तो सीटखाली पत्र्याच्या झाकणामागे गुपचूप बसलेला असे आणि मामा आपले इंजिनाचा आवाज ऐकून गाडी हाकत. एकमेकांच्या वाटेला न जाता दोघांनी वर्षानुवर्षं संसार केला. आज मात्र गॅरेजमध्ये त्या झाकणाचे स्क्रू निघाले आणि तपासणीच्या मशीनची वायर आत गेली. आता हा सगळं सांगून टाकणार, असं त्यांना वाटत होतं.

सांगण्यासारखं होतंच तसं. काही आठवड्यांपासून ट्रक चढावर मध्येच मान टाकत होता. क्षणभर इंजिनातला जीव जायचा आणि लगेच परत यायचा. परवा असंच झालं, तेव्हा मागच्या बसने करकचून ब्रेक मारला आणि ती हातभर अंतरावर येऊन थांबली. बस माणसांनी खच्चून भरलेली होती. मामांनी आरशात पाहिलं, तर एक बाई खिडकीत बसून मांडीवरचं पोर छातीशी घट्ट आवळत होती. त्या दिवसापासून मामांच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता.

डिझेलचा फिल्टर बदलून झाला, पाइप तपासून झाले, टाकी धुऊन झाली. सगळं ठणठणीत. मग उरलं कोण? मामांचा उजवा पाय. त्या पायाला हल्ली मुंग्या येत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, बसून बसून नस दबते, रोज थोडं चाला, बाकी काही नाही. पण मामांना ते पटलं असेल तर शपथ. चढावर पाय आपल्या नकळत ढिला पडतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. घरी त्यांनी गुडघा दुखतो एवढंच सांगितलं. मामी काही न बोलता रोज तेल लावी, आणि गुडघ्यावर दोन हात फिरवून झाले की बराच वेळ पाऊलच चोळत बसे.

काटामामा हे त्यांचं नाव ड्रायव्हर मंडळींनी पाडलेलं. मामा गाडीवर असले की वेगाचा काटा जिथल्या तिथे राही. एकदा शेजारी बसलेल्या नव्या ड्रायव्हरने काटा अडकला असं समजून काचेवर टिचक्या मारल्या होत्या. अशा माणसाला स्वतःच्या पायाचा भरवसा वाटू नये, याहून वाईट ते काय!

ट्रकचा मालक म्हणजे त्यांचा सख्खा भाचा. त्याचे वडील लवकर गेले, तेव्हा मामांनीच त्याला मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला शिकवलं. आता तो मालक आणि मामा ड्रायव्हर, पण मामांसमोर खुर्चीत बसायचं झालं तर तो अजून अवघडायचा. आजही तो गॅरेजच्या दाराशी उभा राहून बुटाने फरशी खरवडत होता.

मशीनवाली ताई मात्र मजेत होती. गावभरच्या गाड्यांच्या कुंडल्या हिच्याकडे, असं म्हणून ड्रायव्हर तिला चिडवत आणि ती त्यांना दामदुपटीने परत करी. सकाळी तिने मामांना ट्रक चढावर न्यायला लावला होता. स्वतः मांडीवर मशीन घेऊन शेजारी बसली होती. ट्रकने दोनदा मान टाकली आणि मशीनने ते टिपून घेतलं.

"नव्या गाड्या विचारायच्या आधीच भडाभडा बोलतात," पडद्यावरचे आकडे मागे सरकवत ती म्हणाली. "ही जुनी मंडळी. एकेक आकडा देतात, तोही मनात आलं तर. बिघाडाची नोंद तर एकही नाही हिच्यात. थांबा हं, हे बघा."

भाचा पुढे आला. मामा जागचे हलले नाहीत.

"इंजिनाचे फेरे कमी झाले ते इथे. त्याच्या आधी डिझेल तुटलं. आणि त्याच्याही आधी..." ताई थांबली. तिचा आवाज उतरला. "काका, इथे तुम्ही पेडलवरचा पाय उचलला होता का? पेडल साठ टक्क्यांवरून एकदम शून्य दाखवतंय. मग परत साठ."

"उचलला असेल," मामा म्हणाले.

"असेल म्हणजे?" भाचा म्हणाला. "ताई, पेडलच गेलं असेल."

ताई केबिनमध्ये चढली, पेडल दणकन खालपर्यंत दाबलं आणि सोडलं. आकडा शून्यावरून सरळ शंभरावर गेला आणि तसाच खाली आला. तिने मान हलवली. पेडल बरोबर होतं.

बाहेर कुणीतरी टायर ठोकत होतं. भाच्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मामा, तुम्ही आता जरा..."

"मीच सांगणार होतो तुला." मामांनी त्याची सुटका केली. "अरे, ती बस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्या पायापायी कुणाचं घर बसलं असतं, तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? तू दुसरा माणूस बघ. माझं सामान तेवढं काढून घेतो."

भाच्याला भरून आलं. तो पाठ फिरवून उगाच मागचे टायर बघायला गेला.

सामान ते काय असणार! पाठीमागची उशी, टॉवेल, पाण्याची बाटली, चष्म्याचं रिकामं घर. मामांनी सगळं पिशवीत भरलं. मग उतरायच्या ऐवजी ते सीटवर टेकले. पलीकडच्या सीटवर ताई पसारा आवरत होती, मशीन अजून चालूच होतं. मामांनी स्टेअरिंगवर हात ठेवले. पाय आपोआप पेडलवर गेला आणि नेहमीच्या दमाने दाबत दाबत आपल्या ठरलेल्या जागी येऊन थांबला. मामांनी डोळे मिटले. सोडवत नव्हतं त्यांना, साधी गोष्ट आहे.

वायर गुंडाळता गुंडाळता ताईचा हात थांबला.

"काका, पाय हलवू नका."

"नाही हलवला."

"आत्ता हलवलात."

"नाही हो ताई. जाता जाता कशाला खोटं बोलू?"

ताईने वायर टाकली, खाली वाकली आणि मामांचा बूट पंजात पकडला. बूट जागचा हलत नव्हता. वर पडद्यावर मात्र आकडा साठावर, शून्यावर, पुन्हा साठावर असा नाचत होता.

तिने अशी काही हाक मारली की भाचा धावतच आला. त्याला सीटवर बसवून तिने सांगितलं, "मुंगीच्या पावलाने दाबायचं. अजून हळू. अजून." साठाच्या आसपास आकडा धाडकन शून्यावर पडला.

"म्हणजे माझाही पाय गेला?" भाच्याने घाबरून विचारलं.

"तुझी अक्कल गेली, आणि थोडी माझीही," ताई म्हणाली. "मी पेडल दणकन दाबलं, त्यात खराब जागा निसटून गेली. आणि कम्प्युटरला पाय कुठे दिसतो? पेडलच्या मागे एक डबी असते, ती सांगेल ते तो खरं धरतो. ती शून्य म्हणाली की हा समजतो, माणसाने पाय उचलला. आपणही तेच समजलो."

तिने डबी काढून उघडली. आत बोटभर रुंदीची काळी, वाकडी पट्टी होती. पेडल दाबलं की तिच्यावरून एक बारीकशी पितळी जीभ सरकायची. पट्टी सगळीकडे काळीभोर, जवळजवळ नवी होती. फक्त एकाच जागी, नखाएवढी, घासून पांढरी पडली होती.

"बाकीच्यांच्या पट्ट्या सगळीकडे सारख्या झिजतात, कारण पाय सारखा वरखाली," ताई म्हणाली. "ही अशी मी पहिल्यांदाच बघतेय. काका, पाय ढिला पडला म्हणून नाही हे झालं. तुमचा पाय इतकी वर्षं इथून हललाच नाही, म्हणून झालं."

मामांनी पट्टी हातात घेतली, त्या पांढऱ्या जागेवर अंगठा फिरवला आणि त्यांना रडू आलं. भाच्याने त्यांच्याकडे न बघता पिशवी उचलली, केबिनमध्ये चढला, आणि उशी, टॉवेल, बाटली, सगळं जिथल्या तिथे ठेवून आला.

नवी डबी बसेपर्यंत मामा बाहेर बाकावर जाऊन बसले. त्यांनी घरी फोन लावला.

"ऐक, मी तुला गुडघा म्हणालो ना, ते खोटं होतं. मला पायाची भीती वाटत होती. पण पाय चांगला आहे."

"ठाऊक आहे मला," मामी म्हणाली. "गुडघा दुखतो म्हणायचात आणि झोपेत पाऊल दाबत राहायचात. पेडल असल्यासारखं, रोज."

मामांनी हळूच विचारलं, "हलायचं का गं मध्येच?"

"छे! दाबलं की तसंच," मामी म्हणाली. "मी हात ठेवून बघायची ना."