सुमती सँड्सची ओवाळणी

ओहायोतल्या डब्लिन गावी, दोन हजार सहा सालच्या दिवाळीनंतरच्या शनिवारी, दुपारी अडीच वाजता गुरुदत्त केळुस्करने आपल्या सख्ख्या बहिणीचं मनगट मोडलं. तिच्याकडून ओवाळून घेतल्यावर बरोबर वीस मिनिटांनी. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कोणी उगाच आशेवर राहायला नको. भाऊबीज खरं तर आठवड्याच्या मधल्या वारीच होऊन गेली होती. पण अमेरिकेत तिथीला सुट्टी मिळत नाही, त्यामुळे सगळे सण शनिवारी येतात आणि घरातली भांडणंही शनिवारीच उरकून घ्यावी लागतात.

सुलेखा, म्हणजे ही बहीण, कोलंबसच्या एका छोट्या संस्थेत काम करायची. कॅरिबियन बेटांवरची हॉटेलं पाणी, वीज, कचरा आणि सांडपाण्याचं काय करतात ते तपासायचं, आणि नीट करत असतील तर त्यांना 'हिरवं पान' नावाचं प्रमाणपत्र द्यायचं, हे त्या संस्थेचं काम. हे पान असलं की मोठ्या ट्रॅव्हल कंपन्या त्या हॉटेलात प्रवासी पाठवत, नसलं की हात आखडता घेत. पंधरा वर्षांत सुलेखाने हॉटेलवाल्यांचे सगळे नखरे पाहिले होते. बाथरूममध्ये 'टॉवेल पुन्हा वापरा, समुद्र वाचवा' अशी गोंडस पाटी लावायची आणि मागच्या दाराने सगळी घाण त्याच समुद्रात सोडायची, ही बहुतेकांची पर्यावरणाची कल्पना. सुलेखा पाट्या वाचत बसायची नाही. ती थेट मागचं दार गाठायची.

आता अशा बाईच्या भावानेच बेटावर हॉटेल काढावं याला काय म्हणायचं! गुरुदत्त तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यानेच कागदपत्रं करून तिला अमेरिकेत आणलं, तिचा नवरा गेला तेव्हा सहा महिने तिला आणि इशिताला, तिच्या मुलीला, आपल्या घरी ठेवलं. चार वर्षांपूर्वी त्याने सेंट ऑरेलिया बेटावर हॉटेल उघडलं आणि त्याला आईचं नाव दिलं, 'सुमती सँड्स'. आईच्या फोटोला हार घालून त्याने फीत कापली तेव्हा सुलेखा चांगली हमसाहमशी रडली होती.

तेव्हापासून दर भाऊबीजेला दादाची ओवाळणी ठरलेली. तबकात एक पाकीट, पाकिटात सुमती सँड्सच्या आठवड्याभराच्या मुक्कामाचं पत्र, सुलेखा आणि इशिता यांच्या नावाने. मायलेकी दर डिसेंबरात जायच्या, हॉटेलपुढच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाआडच्या शांत समुद्रात, पोहायच्या, परत यायच्या. सांडपाण्याच्या टाकीकडे सुलेखाने कधी ढुंकूनही पाहिलं नाही. माहेरी गेलेली बाई मोरी तपासते का?

यंदा सप्टेंबरात तिची सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि सुमती सँड्सची तपासणी सुलेखाकडे आली. हॉटेल भावाचं आहे हे तिने डायरेक्टरला सांगितलं. तो म्हणाला, तू कोणालाच सोडत नाहीस, जा बिनधास्त, फक्त फॉर्म नीट भर. फॉर्मवर प्रश्न होता: 'या हॉटेलकडून आजवर भेटवस्तू किंवा पाहुणचार घेतला आहे का?' सुलेखाने 'नाही' वर खूण केली. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. भाऊबीजेची ओवाळणी ही भेटवस्तू असते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आपल्यापैकी कोणाच्या आलं असतं?

बेटावर तिने मागचं दार गाठलं. मैला शुद्ध करणारी यंत्रणा गंजून बंद पडली होती. सव्वाशे खोल्यांची घाण एका जाड पाइपातून झाडीआड थेट लगूनमध्ये जात होती, त्याच लगूनमध्ये, जिथे चार डिसेंबर तिची पोर डुंबली होती. तळाचं प्रवाळ मरून त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढला होता. डेझमंड नावाच्या पन्नाशीच्या ऑपरेटरने तिला स्वतःची वही दाखवली. टाकीत हवा सोडणारे पंप कोणत्या दिवशी बंद केले आणि कोणाच्या हुकमाने, सगळं त्याने तारीखवार लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीमागे हॉटेलच्या दोन गार्ड्सनी डेझमंडला लोखंडी नळीने झोडपला. सुलेखा दवाखान्यात पोचली तेव्हा त्याचा जबडा तारांनी बांधलेला होता आणि एक डोळा सुजून मिटला होता. नर्सने कसं झालं म्हणून विचारलं. डेझमंडने उघड्या डोळ्याने सुलेखाकडे पाहिलं आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "पडलो, मिस. पाय घसरला." सुलेखाही तिथे गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला सहा आठवडे राग येत होता. रिपोर्ट लिहून तयार होता, पण त्यावर सही होत नव्हती. सोमवारी समितीपुढे तो ठेवायचा होता. सही केली तर दादाचं हॉटेल बसणार, नाही केली तर डेझमंडचा जबडा फुकट मोडला.

आणि मध्ये आला हा शनिवार.

सुलेखाने सकाळपासून खपून चिरोटे केले, सुरळीच्या वड्या केल्या. डायनिंग टेबल सरकवून पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. आधी ओवाळू, मग शांतपणे सांगू, ओवाळल्यावर दादा ऐकेल, असा तिचा हिशेब. आणि ओवाळून घेतल्यावर रिपोर्ट दाबायला सुलू नाही म्हणणार नाही, असा दादाचा. दोघं एकाच आईची लेकरं, चूकही एकच केली.

गुरुदत्त आणि नीलावहिनी दोनला आले. तो पाटावर बसला. सुलेखाने त्याच्या कपाळावर कुंकवाचा लांब टिळा लावला, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजनाने ओवाळलं. त्याने कोटाच्या खिशातून पाकीट काढून तबकात ठेवलं.

"यंदा ओशन सूट देतोय. इशिता कॉलेजला जायच्या आधी मस्त एन्जॉय करा."

सुलेखाने पाकीट उचललं आणि त्याच्या हातात परत दिलं. "नको दादा."

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारी मी रिपोर्ट सबमिट करतेय. तुला आधी सांगावं म्हणून थांबले. तू स्वतःच प्लँट दुरुस्त करतो म्हणून लेटर दे. सहा महिने मिळतील, मी रिक्वेस्ट करते."

गुरुदत्त हसला. "सुलू, अगं सगळं बेट हेच करतं. मलाच का धरतेस?"

"तुझ्या पाट्यांवर आईचं नाव आहे."

"आईला मध्ये आणू नकोस." त्याचा आवाज चढला. "आणि रिपोर्ट देशीलच कसा? चार वर्षं फुकट राहिलीस माझ्याकडे. रजिस्टरवर तुझ्या सह्या आहेत, तुम्हा दोघींचे फोटो आहेत. आणि फॉर्मवर तू 'नो' टिक केलंस. तुझ्या ऑफिसातल्या एकाशी बोलणं झालंय माझं. एक ईमेल केली ना, तर तुझा रिपोर्टही जाईल आणि नोकरीही."

सुलेखाला आधी कळेचना तो कशाबद्दल बोलतोय. मग कळलं. ज्या पाकिटाला ती चार वर्षं माहेर समजत होती, त्याची याने पावती करून ठेवली होती.

"ती ओवाळणी होती, दादा."

"ते तू तुझ्या डायरेक्टरला समजाव."

"समजावीन," ती म्हणाली. "फॉर्म मी स्वतः करेक्ट करून देईन. जाऊ दे नोकरी. आता एकच सांग. डेझमंडला कोणी मारलं?"

"मला काय माहीत!"

"तुझ्या गार्ड्सनी मारलं. कोणी सांगितलं त्यांना?"

"मी फक्त फोनवर म्हटलं, त्याचं तोंड बंद करा. ते लोक इतकं करतील मला काय माहीत, यार! नळी घेऊन सुटले तर मी काय करू?"

नीलावहिनीने डोळे मिटून घेतले. नळीचं नाव सुलेखाने काढलंच नव्हतं.

"आई असती तर तुझ्या तोंडावर थुंकली असती," सुलेखा म्हणाली.

गुरुदत्त उठला तो पाटाला लाथ मारूनच. पाट भिंतीवर आदळला. दुसऱ्या लाथेने तबक उडालं, सुपारी घरंगळत गेली, निरांजन गालिच्यावर पालथं पडलं आणि तुपाची वात चरचरली. तिसरी लाथ नव्हती, चपराक होती, सुलेखाच्या डाव्या गालावर, इतकी सणसणीत की तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं आणि ओठ फुटला. टेबलावर रिपोर्टची छापील प्रत होती. ती त्याने टराटरा फाडली. कॉम्प्युटरमध्ये दुसरी आहे हे त्यालाही माहीत होतं, पण चिडलेल्या माणसाला फाडायला कागदच लागतो.

सुलेखा काही मार खाऊन गप्प बसणारी नव्हती. तिने खाली पडलेलं पितळी तबक उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर हाणलं. तो कळवळला. मग त्याने तिचा उजवा हात पकडला, पिरगाळला आणि ओट्याच्या दगडी कडेवर दाणकन आपटला. एकदा. तिने त्याच्या दंडाला दात रोवले. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा काडकन आवाज आला आणि तबक हातातून सुटलं. चिरोट्यांच्या परातीत तिच्या ओठाचं रक्त सांडलं होतं.

"अहो, सोडा तिला! अहो, मरेल ती!" नीलावहिनी ओरडत होती, पण जागची हलत नव्हती.

जिन्यावरून इशिता धावत आली. तिने गालिच्यावरची पेटती वात बुटाने विझवली, मामाला दोन्ही हातांनी ढकललं आणि किंचाळली, "गेट अवे फ्रॉम माय मॉम! आय कॉल्ड नाइन वन वन! दे आर कमिंग!"

नाइन वन वन म्हणजे पोलीस, हे गुरुदत्तला माहीत होतं. तो मटकन खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा म्हणाला, "सुलू, हे काय झालं गं?" सुलेखाला त्याची दया आली. हेच तर वाईट. मनगट बघता बघता सुजत होतं, वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि तरी तिला त्याचीच दया आली.

नीलावहिनीने मात्र वेळ घालवला नाही. तिने ओल्या रुमालाने सुलेखाचा ओठ पुसला आणि कानाशी तोंड नेलं. "ऐक माझं. पडलीस म्हणून सांग. गालिच्यात पाय अडकला, बस्स. दादाला हातकड्या घालून नेतील गं. सगळ्या कम्युनिटीत बोभाटा होईल. तुझं ग्रीन कार्ड, हे घर, कोणी केलं आठव ना. घरातलं घरात राहू दे."

चार मिनिटांत दोन पोलीस दारात आले. एक उंच तरुण होता आणि दुसरी पिकल्या केसांची बाई. त्या बाईने आत पाऊल टाकलं, विखुरलेली रांगोळी पाहिली, फाटलेले कागद पाहिले, छातीशी हात धरून जमिनीवर बसलेली सुलेखा पाहिली. ती तिच्यापुढे उकिडवी बसली आणि मऊ आवाजात इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, काय झालं? पडलात का तुम्ही?"

तयार उत्तर समोर ठेवलेलं होतं, फक्त हो म्हणायचं होतं. पडले. पाय घसरला. सुलेखाला तारांनी बांधलेला जबडा दिसला, तो उघडा डोळा दिसला. तो माणूस खोटं बोलला होता कारण त्याच्यासाठी फोन करणारं कोणी नव्हतं, आणि जी बोलू शकत होती ती शेजारी गप्प उभी होती. आणि आता समोर पोलीस आहेत, आपली पोर ऐकते आहे, आणि आपण काय सांगणार?

ती बोलायच्या आतच नीलावहिनी पुढे सरसावली. तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "ऑफिसर, हिनेच आधी मारलं. बघा ना, त्यांच्या कपाळावर रक्त आहे!"

तरुण पोलीस गुरुदत्तजवळ गेला आणि वाकून बघायला लागला. त्याच्या कपाळावर भुवयांपासून केसांपर्यंत लाल पट्टा ओघळला होता. गुरुदत्तने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"ते रक्त नाही," सुलेखा म्हणाली. फुटक्या ओठाने शब्द नीट निघत नव्हते, म्हणून ती सावकाश बोलली. "ते कुंकू आहे. आज बहिणीने भावाला लावायचं असतं. मी लावलंय."

पिकल्या केसांच्या बाईने खिशातून वही काढली.

"त्याच्या खांद्यावर एक घाव असेल आणि दंडाला चावा. तेही मीच केलं, लिहून घ्या. पण आधी त्याने मला मारलं. हात त्याने मोडला. का मारलं तेही सांगते, त्यात माझीही एक चूक आहे, तीही लिहा. आणि बेटावर डेझमंड म्हणून एक माणूस आहे, तोसुद्धा पडला नव्हता."

"याचं नाव काय?" बाईने गुरुदत्तकडे मान वळवून विचारलं. "आणि तुमचा कोण?"

सुलेखाने दादाकडे पाहिलं. टिळ्याला चिकटलेली एक अक्षता अजून तशीच होती.

"गुरुदत्त यशवंत केळुस्कर," ती म्हणाली. "माझा सख्खा भाऊ."