पुलाच्या दोन्ही टोकांचे काटे

सकाळी फाटकाशी सव्वीस ट्रक उभे होते. अकरा टोमॅटोचे, आठ फरशीचे, सहा सिमेंटचे आणि एक रिकामा, ज्याचा ड्रायव्हर खाली चादर अंथरून घोरत होता. पुलाच्या अलीकडे एक वजनकाटा, पलीकडे, शेजारच्या देशात, दुसरा. मधलं अंतर चारशे मीटर. प्रत्येक ट्रकचं वजन दोन्हीकडे व्हायचं. आकडे बहुधा जुळत नसत. मग पलीकडे माल उतरवून पुन्हा मोजायचा. तोवर टोमॅटोचं पाणी व्हायचं.

आता दोन्ही सरकारांनी ठरवलं होतं, वजन एकदाच करायचं आणि दुसऱ्याने ते मानायचं. अट एकच: तीन चाचण्यांपैकी एकीत तरी दोन काट्यांतला फरक वीस किलोच्या आत यायला हवा. पहिल्या चाचणीत साठ आला, दुसऱ्या चाचणीत ऐंशी. दोन्ही काटे प्रमाणित वजनं ठेवून तपासले, दोन्ही बिनचूक निघाले. तरी फरक होताच, आणि तो एकसारखाही नव्हता. आज शेवटची चाचणी. ही फसली तर सगळी मालवाहतूक डोंगरापलीकडच्या फाटकाकडे जाणार होती.

काट्यावर बसणाऱ्या बाईच्या जिवाला घोर लागला होता तो यामुळेच. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा याच पुलावरून टोमॅटो नेत असे. डोंगराला वळसा म्हणजे एक दिवस जास्त. तसं झालं तर ट्रक विकून घरी बसेन, असं त्याने बहिणीला सांगून टाकलं होतं. चाचणीसाठी चिठ्ठी टाकली, तर नेमका त्याचाच ट्रक निघाला.

ट्रक काट्यावर चढला.

"दाजी, उतरा," तिने खिडकीतून हाक मारली.

"मेहुणीबाई, जरा दम धरा. तुमच्या ताईचा फोन आहे. मध्येच ठेवला तर संध्याकाळी चहासुद्धा मिळायचा नाही."

"साहेब उभे आहेत इथे."

फाटकाचे प्रमुख असलेले साहेब तिच्या खुर्चीमागे घड्याळ बघत होते. दाजींचं "हो... हो गं..." चालूच होतं. पडद्यावर १६,८४० स्थिरावले. अखेर दाजी उतरले आणि आकडा हलला. १६,७४०.

ती पडद्याकडे बघत राहिली.

"दाजी, परत चढा."

"आत्ताच तर उतरा म्हणालात!"

"चढा म्हणते ना."

१६,८४०.

"शंभर," ती म्हणाली.

"शंभर? काटा बिघडलाय तुमचा!" दाजी केबिनमधून ओरडले. "लग्नात पासष्टचा होतो मी."

"लग्नाला वीस वर्षं झाली. ताईने खाऊ घातलेलं सगळं गेलं कुठे मग?"

तिने पलीकडच्या काट्यावर फोन लावला. तिथेही एक बाईच बसायची.

"अगं, वजन करताना तुमच्याकडे ड्रायव्हर कुठे असतो?"

"कुठे म्हणजे? गाडीत. शिक्का बसल्याशिवाय त्याने आमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. आणि शिक्क्याची खिडकी काट्याच्या पुढे. का गं?"

"आमच्याकडे तो उतरल्याशिवाय आम्ही आकडाच धरत नाही."



"मला वाटायचं, सगळीकडे बसूनच मोजतात."

"आणि मला वाटायचं, उतरूनच."

पलीकडची फिस्सकन हसली. हिलाही हसू आलं, पण मागे साहेब होते.

"आपल्या नियमात ड्रायव्हर उतरायला हवा," साहेब म्हणाले.

"त्यांना शिक्क्याची खिडकी हलवायला वर्ष लागेल, साहेब. आपल्याला दाजींना नुसतं बसू द्यायचंय."

"आणि त्यांचं वजन मालात धरायचं?"

"रिकामी गाडीही माणूस बसवूनच मोजू. वजाबाकी केली की माणूस निघून जातो."

साहेबांनी हनुवटी खाजवली. उत्तर बरोबर होतं, पण नियमाला हात लावायचा म्हणजे वर जाब द्यावा लागणार होता.

"बसू दे," ते शेवटी म्हणाले. "वरच्यांना मी सांगतो."

"उतरू का?" दाजींनी विचारलं.

"खबरदार!" साहेब आणि ती एकदमच ओरडले.

दाजी केबिनमध्येच बसून पूल ओलांडून गेले. तिने फोन कानाला लावून ठेवला होता. पलीकडून आधी इंजिन बंद झाल्याचा आवाज आला, मग आकडा.

"सोळा हजार आठशे तीस."

फरक दहा किलो.