संगप्पाकडच्या कोळंब्या

मन्मथ लातूरला औषधाच्या दुकानात कामाला होता. घरी काचेच्या टाकीत त्यानं नखाएवढ्या लाल कोळंब्या पाळल्या होत्या. लिंगायताच्या घरात झिंगे, म्हणून बायको शिवलीला आधी नाक मुरडायची. पण पोटाखाली अंडी घेतलेली मादी दिसली की नवऱ्याला हाक तीच मारायची. फिक्या निघतील त्या वेगळ्या काढायच्या, गडद तेवढ्याच ठेवायच्या, असं करत मन्मथनं तो लालभडक रंग कित्येक वर्षांत जमवला होता.

मग दुष्काळ पडला. नळ कोरडे झाले, शहराला रेल्वेनं पाणी येऊ लागलं. टाकीत घालायला बोअरचं खारट पाणीच उरलं. त्या पाण्यात कोळंब्यांना कात टाकता येईना. अर्ध्या कातेत अडकून त्या तळाला पडू लागल्या.

टँकरच्या रांगेतून आलेल्या शिवलीलानं घागर खाली ठेवली. "यांच्यासाठी आता एक तांब्याबी द्यायची न्हाई मी. राग आला तर येऊ द्या."

मन्मथला राग आला नाही. तिचं बरोबर होतं.

त्यानं नांदेडच्या संगप्पाला फोन केला. कॉलेजातला दोस्त, मन्मथचं बघूनच त्यानंही टाक्या मांडल्या होत्या. "आण की," संगप्पा म्हणाला. "आमचे नळ चालू हायत अजून."

मन्मथ उरलेल्या कोळंब्यांचा थर्मास मांडीवर घेऊन एसटीत बसला. शेजारचे दोघं नव्या जिल्ह्याचं ठिकाण उदगीर की अहमदपूर, यावर हमरीतुमरीवर आले होते. खड्डा आला की मन्मथ थर्मास वर उचलून धरायचा.

"तुझ्या निळ्या-पिवळ्यांत सोडू नको," त्यानं संगप्पाला बजावलं. "मिसळल्या की पिल्लं मातकट निघतात."

"मला शिकवून राहिला का? मागं रिकामी टाकी हाय."

पुढं पाऊस झाला, नळ आले. मन्मथनं टाकी घासली, शेवाळ लावलं, पाणी मुरू दिलं आणि नांदेड गाठलं.

संगप्पाच्या टाकीत मातकट, तपकिरी कोळंब्या फिरत होत्या.

"लाल कुठं हायत?"

"ती टाकी मला लागत होती. सगळ्या एकात सोडल्या."

"आणि ज्या मी आणल्या त्या?"

संगप्पाची बायको चहा घेऊन आली होती. ती सहज म्हणाली, "त्या का? हैदराबादचा माणूस विकत घेऊन गेला की, भाऊजी. लई खूश झाला."

संगप्पानं तिच्याकडं रोखून बघितलं. मग आवाज चढवला. "तुझ्याकडं असत्या तर मेल्याच असत्या का न्हाई? सांग."

मन्मथला बोलायचं होतं पुष्कळ. पण हे खोटं नव्हतं.

"हाव," तो म्हणाला. "मेल्या असत्या."

चहा त्यानं संपवला. संगप्पानं पिशवीत मातकट कोळंब्या भरून दिल्या, त्याही घेतल्या. घरी शिवलीलानं पिशवी उजेडात धरून बघितली. "ह्या आपल्या न्हाईत," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मन्मथनं त्या टाकीत सोडल्या, उकडलेला पालक घातला. त्यांचा काय दोष.

पुढच्या महिन्यात कोळंब्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संगप्पानं लिहिलं की दुष्काळात त्यानं एका मित्राच्या सगळ्या कोळंब्या वाचवल्या. खाली टाळ्यांची रांग लागली. मित्र कोण, असं कुणीतरी विचारलं. संगप्पानं मन्मथचं नाव घातलं.

सगळे वाट बघत होते. मन्मथनं फोन हातात घेऊन लिहिलं, "संगप्पाचे उपकार हायत."